मंगळावर पाणी शोधणारी सून

मी नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. शिकवण्याखेरीज माझं एक काम गेली काही वर्षं चालू आहे, ते म्हणजे नदीतल्या गोट्यांचा गोलपणा मोजणं. डोंगरावरून निखळलेला दगड कोनाकोनाचा असतो. नदीत पडला की तो घरंगळत जातो, दुसऱ्या दगडांवर आपटतो आणि त्याचे कोपरे झिजतात. ते किती झिजलेत यावरून दगड पाण्यातून किती लांब आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. मंगळावर उतरलेल्या यंत्रगाडीने पाठवलेल्या फोटोंत असे गोटे दिसतात. वाळूत रुतून, एकमेकांना चिकटून त्यांचा आता खडक झालाय. तिथे आज पाणी वाहत नाही. पण एवढे मोठे दगड वाऱ्याने लोटले जात नाहीत, मग त्यांना गोल केलं ते पाण्यानेच. म्हणजे फार फार पूर्वी, माणूस नावाचा प्राणी कुठेच नव्हता तेव्हा, तिथे नदी होती.

हा शोध माझा नाही. मोठ्या मंडळींनी तो माझ्या कितीतरी आधी लावलाय. आपल्याकडचा काळा दगड आणि मंगळावरचा दगड एकाच जातीचे, दोन्ही लाव्हा थिजून झालेले. म्हणून आमच्या गटाने गोदावरीतले गोटे आणि फोटोंतले गोटे शेजारी ठेवून मोजले, इतकंच. गोदावरीचे गोटे सायखेड्याच्या बाजूला नदीत उतरून मी गोळा केले होते. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर भलीमोठी नावं होती, त्यांत माझं पार शेवटाकडे.

एका स्थानिक पेपरच्या वार्ताहराने फोन केला. मी त्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तोही हो हो म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी बातमी आली की मंगळावरचं पाणी नाशिकच्या प्राध्यापिकेने शोधलं. मला हसू आलं. नवऱ्याने बातमी घरच्यांच्या ग्रुपवर टाकली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत लोक विसरतील.

माझं सासर चांदवड तालुक्यातलं, हायवेपासून थोडं आत. कांद्याचं गाव. सासऱ्यांना मी मामा म्हणते. लग्नानंतर मी पुढे शिकायचं म्हणाले, तेव्हा भावकीत बरीच कुजबुज झाली होती. मामांनी सगळ्यांना एकदाच सांगितलं होतं, "तिला शिकायचं हाय, शिकू द्या. तुमच्या ताटातलं काय घेत नाय ती." त्यानंतर मी काय शिकते, काय शिकवते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. मला वाटायचं, त्यांना काय त्यात रस असणार. गोट्यांच्या पिशव्या गाडीच्या डिकीत पाहून ते एकदा नुसते हसले होते.

बातमी आल्यावर त्यांचा फोन आला. एरवी फोनवर ते कामापुरतं बोलतात. त्या दिवशी म्हणाले, शाळेत सत्कार ठेवलाय, येत्या रविवारी दोघं या. मी म्हणाले, मामा, पेपरवाल्यांनी जरा वाढवून लिहिलंय. ते म्हणाले, "ते लिहितातच. तू ये."

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावलेला होता. माझा लग्नातला फोटो, शेजारी तांबडा ग्रह, आणि खाली ठळक अक्षरांत 'मंगळावर पाणी शोधणाऱ्या आमच्या गावच्या सूनबाई'. ते वाचताना माझे कान तापले. नवरा पुटपुटला, "आता काही बोलू नकोस, मामांनी स्वतः उभं राहून छापून घेतलाय." तोही वडलांना मामाच म्हणतो, त्यांच्या घरात सगळेच म्हणतात.

शाल झाली, नारळ झाला. मग मी बोलायला उठले. मनाशी ठरवलं होतं की सत्काराला गालबोट न लावता खरं ते सांगायचं. मी फोटो दाखवले. गोटे दाखवले. कोरड्या पात्रांच्या खुणा दाखवल्या, नदी तळ्याला मिळते तिथे साचलेला गाळ हाताच्या पंजासारखा कसा पसरतो ते दाखवलं. हे सगळं फार जुनं आहे, आता तिथे वाहतं पाणी नाही, आणि हे शोधणारे लोक वेगळे, मी फक्त थोडी मोजमापं केली, असंही सांगितलं. माझ्या प्रत्येक वाक्याला लोक माना डोलवत होते. खाली बसले तेव्हा सरपंच माइकवर म्हणाले, "एवढं मोठं काम करून वहिनी म्हणतात मी काहीच केलं नाही. मोठेपणा म्हणतात तो हा." टाळ्या पडल्या. मामा पहिल्या रांगेत बसले होते. टोपी हातात घेऊन ती ते पुन्हा पुन्हा नीट करत होते.

मी तिथेच पुन्हा उठून बोलायला हवं होतं का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. पण मामांकडे बघून उठवलं नाही.

जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, चल, जरा वस्तीकडे चक्कर मारू. मला वाटलं कांदा दाखवायचाय. वस्तीवर पोचलो तर सरपंच आणि गावातली आणखी चार माणसं आधीच उभी. तिथल्या विहिरीचं पाणी आटलं होतं. बोअर मंजूर झाला होता, पण तो कुठे घ्यायचा यावर वरच्या आणि खालच्या आळीचं पटत नव्हतं. पाणाड्याने हातावर नारळ ठेवून आधी दोन जागा दाखवल्या होत्या, दोन्ही कोरड्या निघाल्या. आता त्याचं कुणी ऐकेना.

सरपंच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तिकडचं दिसलं. हे तर पायाखालचं."

मी सांगितलं की हे माझं शास्त्रच नाही. डॉक्टर असला तरी डोळ्यांचा वेगळा, हाडांचा वेगळा, तसं. आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांमधून असतं, भेग कुठे आहे हे वरून बघून मला कळत नाही, त्यासाठी भूजलवाल्यांना बोलवा, ते यंत्राने तपासतील. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मामा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, एवढे लोक आलेत."

त्यांनी एवढंच म्हटलं. मी पुन्हा नाही म्हणाले. आवाज मात्र पहिल्यासारखा निघाला नाही.

परत निघताना ओहोळाच्या काठाशी सवयीने वाकले. तिथे मातीत गोटे होते, चांगले झिजलेले. मी एक उचलला, पुसला, हातात फिरवून पाहिला आणि ठेवून दिला. दिवसातून कितीदा तरी मी असं करत असते. गाडीत बसले तेव्हा मागे बघितलं नाही. नंतर कळलं, मी जिथे वाकले होते तिथे सरपंचांनी त्याच संध्याकाळी खुणेसाठी चुन्याची फक्की मारून घेतली. वहिनी तोंडाने बोलल्या नाहीत पण दाखवून गेल्या, असं ठरलं. दोन्ही आळ्यांना ते पटलं, कारण ती जागा ना यांची ना त्यांची.

बोअरला पाणी लागलं.

मामांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. "लागलं," ते म्हणाले, "चांगलं लागलं, सूनबाई." मी म्हणाले, कुठे लागलं? त्यांनी सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. वस्तीवरच्या बायका आता लांबून हंडे आणणार नव्हत्या, ही गोष्ट चांगलीच होती. पण आतून मला कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. मी म्हणाले, मामा, मी ती जागा दाखवली नव्हती. ते हसले. "बरं," म्हणाले, "नाही दाखवली."

पुढे जलपूजन ठरलं. मी जाणार नाही म्हणाले. नवरा म्हणाला, मामांसाठी ये, तोंड उघडू नकोस, नारळ फोड आणि परत चल. मी गेले. बोअरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाइपातून पाणी सुटलं तेव्हा कुणीतरी माझा हात धरून त्या धारेखाली नेला आणि फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे. कॅमेऱ्यासमोर माणूस हसतोच, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. तो फोटो कुठे कुठे गेला हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साधारण महिन्याभराने कॉलेजच्या शिपायाने सांगितलं की तुम्हाला भेटायला दोन बाया आल्यात, सकाळपासून बसल्यात. मी तास संपवून बाहेर आले. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या होत्या. एक वयस्कर, एक तरुण. पहाटेच्या एसटीने निघून आल्या होत्या. बाकावर न बसता पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी.

वयस्कर बाई बोलली. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू. "तू पाणी दाखवतेस ती बाई ना? आमच्या पाड्याला येशील?"

मी त्यांना आत आणून बसवलं, चहा मागवला. त्यांच्याकडे पाऊस उदंड पडतो, पण डोंगराचा उतार असा की सगळं पाणी वाहून जातं, आणि होळीनंतर झऱ्यावर वाटीने पाणी भरायला बसावं लागतं. हे ती सांगत होती तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता. घरात कोण कोण आहे हे सांगावं तसं ती सांगत होती. मी म्हणाले, बाई, मला पाणी दाखवता येत नाही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. तरुण बाई म्हणाली की गाडीची सोय आम्ही करू, बचत गटातल्या बायांनी ठरवलंय. त्यांना वाटलं मी आढेवेढे घेतेय.

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले. मंगळ, गोटे, नदी, पेपरवाला. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं, म्हणजे खरं असूनही सबब वाटायला लागलं. वयस्कर बाईने पुरतं ऐकलं. मग तरुणीकडून मोबाइल घेतला आणि माझ्यासमोर धरला. धारेखाली हात धरून मी हसत होते. खाली लिहिलं होतं की सूनबाईंच्या पायगुणाने नव्हे तर विज्ञानाने पाणी लागलं.

"ही तूच ना?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"मग त्यांना कसं दाखवलं?"

"नाही दाखवलं. ते नशिबाने लागलं."

"मग तिथं उभी का राहिलीस?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. सासऱ्यांचं मन राखायला, असं म्हणता आलं असतं, पण एसटीने एवढ्या लांबून आलेल्या बाईला ते सांगायची मला लाज वाटली. मी खाली बघत राहिले. चहाचे कप तसेच होते. मग तीच उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "जाऊ दे. तुला येत नाही ना, मग काय." जाताना तिने माझ्या दंडाला हात लावला. मला वाटतं ती माझी समजूत काढत होती. त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले आणि तरुण बाईचा नंबर घेतला. माझा एक जुना सहकारी भूजलाचं काम करतो, त्याला त्याच दिवशी फोन केला. तो पुढच्या आठवड्यात पाड्यावर जाऊन आला. बोअरचा भरवसा देता येत नाही, म्हणाला, पण झऱ्याभोवती दगडी टाकी बांधली, वरच्या बाजूला थोडे बांध घातले, तर पाणी जास्त दिवस टिकेल. ते काम पुढे गटातल्या बायांनी करून घेतलं. टाकी बांधून झाल्याचा फोटो मला आला. त्यात मी कुठे नव्हते, आणि त्या फोटोकडे मला सरळ बघता आलं.

पण मधल्या काळात चैन पडेना. वर्गात शिकवतानासुद्धा 'यावरून आपण असा निष्कर्ष काढतो' असं म्हटलं की जीभ अडखळायची. पुराव्याशिवाय बोलू नका, असं मी मुलांना रोज सांगते. शेवटी मी नवऱ्याला म्हणाले की मला गावात जाऊन सांगायचंय. तो म्हणाला, "आधी मामांना सांग. त्यांना लोकांसमोर कळायला नको."

तेवढं मी ऐकायला हवं होतं. मी ठरवलंही होतं तसंच. पण गेले तेव्हा ग्रामसभा भरलेली होती आणि मामा तिथेच बसले होते. सरपंचांनी मला बघितल्याबरोबर पुढे बोलावलं. शेजारच्या गावचे दोन पाहुणेही आले होते, त्यांनाही जागा दाखवून हवी होती. सरपंच माझ्या वतीने त्यांना हो म्हणत होते. आता नाही बोलले तर हे थांबणार नाही, असं वाटलं आणि मी तिथेच उभी राहिले. सांगितलं की बोअरची जागा मी दाखवली नव्हती. मी गोटा बघायला वाकले होते. पाणी लागलं ते योगायोगाने, मी कुठेही वाकले असते तरी तुम्ही तिथेच खणलं असतं. आणि जलपूजनाला यायला नको होतं ती मी आले, ती माझी चूक. पाहुण्यांना भूजलवाल्यांचा पत्ता दिला.

मग वरच्या आळीतला एकजण म्हणाला की असं असेल तर बोअर आमच्याकडे का नाही घेतला, आम्ही तर वहिनींच्या शब्दावर गप्प बसलो होतो. खालच्या आळीतून त्याला उत्तर आलं. मिटलेलं सगळं पुन्हा वर आलं. सरपंच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, पाणी लागलं होतं ना. कशाला उकरून काढलं हे?"

मी मामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग टोपी घातली आणि उठून घरी गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते ओट्यावर बसून कांद्याची पात निवडत होते. ते काम त्यांचं नव्हे. मी म्हणाले, मामा, मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "खरं ते सांगितलंस. वाईट काय त्यात." पण माझ्याकडे पाहिलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, जेवायला बसा. आम्ही जेवलो. भाकरी मोडताना मामांचा हात मला संथ वाटला, की मलाच तसं दिसत होतं, कोण जाणे.

पुढे दिराकडून कळलं की चावडीवर मामांना लोक मंगळवाले म्हणून हाक मारतात. कुणी प्यायला पाणी मागितलं की दुसरा म्हणतो, मामांना विचारा, त्यांच्याकडे तिकडचं आहे. चेष्टाच ती, वाईट हेतू नाही. पण संध्याकाळी चावडीवर जायचं त्यांनी सोडलं. फ्लेक्स कुणी काढला ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

खोटा मान मिळाला तेव्हा मला लाज वाटत होती. तो उतरवून ठेवला तरी ती गेली नाही, फक्त तिची जागा बदलली. आधी ती त्या दोन बायांपुढची होती, आता मामांपुढची आहे. खरं बोलणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात एकदाच माझ्यासाठी चारचौघांत छाती पुढे काढली, त्याला मी चारचौघांतच खाली बघायला लावलं. हे माझ्याने पुसलं जात नाही.

परवा मामांना डोळ्यांच्या तपासणीसाठी नाशिकला आणलं होतं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि बाहेर बसायला सांगितलं. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, बोलघेवडे. त्यांनी विचारलं, सोबत मुलगी का? मामा डोळे मिटूनच म्हणाले, "सून. कॉलेजात असती." त्यांनी विचारलं, काय शिकवतात? मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "शिकवती काहीतरी. आपल्याला नाय कळत त्यातलं."

ते गृहस्थ आत गेल्यावर मी म्हणाले, मामा, सध्या आम्ही काय करतो सांगू का? त्यांनी मान हलवली. हो की नको, ते डोळे मिटलेले असल्याने कळलं नाही. मी सांगायला लागले. मंगळावरच्या एका दरीत गाळाचे थर सापडलेत, एकावर एक. पातळ थर म्हणजे नदी संथ होती, आणि मधूनच मोठाले दगड, म्हणजे त्या वर्षी पूर आला असणार. तिथली मोजमापं दुसरेच लोक करतात, मी त्यातला एक कोपरा बघते. माझं काय आणि दुसऱ्यांचं काय, हे या वेळी मी पहिल्यापासून वेगळं करून सांगितलं. ते ऐकत होते की थेंब झोंबत होते म्हणून गप्प होते, मला समजेना.

मग ते म्हणाले, "पुरात गाळ लय येतो. शेताला चांगला असतो."

मी म्हणाले, हो.

तेवढ्यात आतून बोलावलं. त्यांना अंधुक दिसत होतं. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि आम्ही आत गेलो.